हिरवं खोकं, मेड इन यूएसए

फुजीचं हिरवं खोकं म्हणजे जपान आणि कोडॅकचं पिवळं म्हणजे अमेरिका. नव्वदच्या दशकात ज्यांनी लग्नामुंजींचे फोटो काढले किंवा काढून घेतले, त्यांच्या मनात हा हिशोब कायमचा बसलेला आहे. अमेरिकेतल्या दुकानांत आता मिळणाऱ्या ‘फुजीफिल्म २००’ आणि ‘फुजीफिल्म ४००’ या रोलांनी तो मोडला. नात्यातलं कुणी तिकडून येणार असलं की मी हे रोल मागवतो आणि हातात आले की खोकं आधी उलटं करतो. रंग तोच हिरवा, अक्षरांचं वळणही तेच. खालच्या बाजूला मात्र बारीक अक्षरांत छापलेलं असतं : मेड इन यूएसए.

ही ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा फिल्मवर फोटो काढणाऱ्या जगभरच्या लोकांत केवढी तरी चर्चा झाली. रंगीत निगेटिव्ह फिल्म मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना अमेरिकेत आज एकच उरला आहे : न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरातला, ईस्टमन कोडॅकचा. लोकांनी फुजीच्या नव्या तांत्रिक पत्रकातले आलेख काढले, कोडॅक गोल्ड २०० च्या आलेखांशेजारी ठेवले, तर ते जवळजवळ रेघेवर रेघ जुळले. खोक्यावर कोडॅकचं नाव कुठेही नाही. देशाचं नाव छापणं मात्र टळलं नाही.

या दोन कंपन्यांमधलं जुनं वैर ज्यांना माहीत आहे, त्यांना हे खोकं साधं वाटणारच नाही. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकची अधिकृत फिल्म फुजीची होती, कोडॅकच्या घरच्या अंगणात. १९९५ मध्ये कोडॅकने अमेरिकी सरकारकडे तक्रार केली, की जपानच्या बाजारात आम्हाला शिरू दिलं जात नाही. सरकारने ते प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत नेलं, आणि १९९८ मध्ये निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. एकेका देशाची अब्रू पणाला लावून लढलेली ही लढाई. आज हिरव्या खोक्याच्या तळाशी प्रतिस्पर्ध्याच्या देशाचं नाव आहे, आणि ते सांगणारी ओळ कुठल्याही जाहिरातीत नसते.

मला ही ओळ फार मोलाची वाटते. खोक्यावरचं बाकी सगळं विक्रीसाठी असतं. नाव विकत घेता येतं, भाड्याने देता येतं, मेलेल्या कंपनीचंही वापरता येतं. सगळ्यांत लहान अक्षरांतली ही ओळ तेवढी कायद्याच्या धाकाने खरं बोलते.

याचे दाखले एकदा शोधू लागलं की संपत नाहीत. इंग्लंडमध्ये पाउंडलँड नावाच्या दुकानांत अनेक वर्षं ‘आग्फाफोटो व्हिस्टा प्लस २००’ हा रोल एका पाउंडाला मिळायचा. नाव जर्मन, खोकं तांबडं. आग्फाचा ग्राहकांसाठीच्या फिल्मचा धंदा ज्या आग्फाफोटो कंपनीकडे गेला होता, तिने २००५ मध्येच दिवाळं काढलं होतं. मग ही फिल्म कुठली? खोक्यावर लिहिलेलं असे : मेड इन जपान. जाणकारांच्या मते ती फुजीचीच सी२०० होती. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या त्या एका पाउंडाच्या रोलवर शिकल्या.

उलटा प्रवास फुजीच्याच ‘अक्रॉस’चा. ही कृष्णधवल फिल्म कंपनीने २०१८ मध्ये बंद केली. चाहत्यांनी इतका आग्रह धरला, की २०१९ च्या अखेरीस ती ‘अक्रॉस टू’ म्हणून परत आली. जपानी नाव, जपानी कंपनी, आणि खोक्यावर मेड इन यूके. ब्रिटनमध्ये अशी फिल्म बनवणारा कारखाना म्हणजे चेशर परगण्यातल्या मॉबर्लीचा, हारमन कंपनीचा, जिथे इलफर्डच्या फिल्म तयार होतात. आणि आग्फाचं म्हणाल तर बेल्जियममधल्या मोर्टसेलच्या कारखान्यात विमानातून जमिनीचे फोटो घेण्यासाठी बनलेली आग्फाची फिल्म रोलाय या कॅमेऱ्याच्या नावाने विकली जाते. म्हणजे आग्फा लिहिलेला रोल जपानी, आणि आग्फाचा खरा रोल दुसऱ्याच नावाखाली.

यावर कुणी म्हणेल, फोटो चांगला येतो ना, मग कुठेही बनू दे. हे मला अजिबात पटत नाही. का ते सांगायचं तर फिल्म बनते कशी, तिथपर्यंत जावं लागेल.

फिल्मचा जन्म होतो तो कोटिंगमध्ये. ट्रायअॅसिटेटचा किंवा पॉलिएस्टरचा पारदर्शक पट्टा असतो, एक मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागाएवढा जाड. त्यावर जिलेटिनमध्ये कालवलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या सूक्ष्म कणांचे थर चढवतात. रंगीत फिल्ममध्ये हे थर डझनाच्या वर जातात : निळ्या प्रकाशाचे, हिरव्याचे, तांबड्याचे, मधले गाळणीचे, वरचा संरक्षणाचा. सगळे थर मिळूनही केसाच्या जाडीपेक्षा कमी. ते एकमेकांत मिसळू न देता, एकही बुडबुडा न येऊ देता, धुळीचा कण न बसू देता, दीडएक मीटर रुंद आणि किलोमीटरहून लांब पट्टीवर सलग चढवायचे, आणि तेही मिट्ट काळोखात. कारखान्यातल्या माणसांना खोल्या, दरवाजे, यंत्रांच्या कडा हाताच्या सवयीने ओळखाव्या लागतात. या कामात मुरलेली माणसं जगात आता फार थोडी उरली आहेत. रोचेस्टर, मॉबर्ली, मोर्टसेल, चेक प्रजासत्ताकातलं ह्रादेत्स क्रालोवे, जपानमधलं आशिगारा, जर्मनीतली एकदोन ठिकाणं, चीनमधलं बाओदिंग... हाताच्या बोटांवर जवळपास यादी संपते.

त्यानंतरचं काम म्हणजे कापणं. त्या अजस्र जंबो रोलच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या करायच्या, कडांना छिद्रं पाडायची, कडेवर प्रकाशाने नाव आणि चौकटींचे आकडे उमटवायचे, ठरावीक लांबीचा तुकडा नळकांड्यात गुंडाळायचा, डबीत घालायचा, खोक्यात भरायचा. यालाही कौशल्य लागतं आणि तेही अंधारातच चालतं. पण फिल्मचा वेग, तिचे कण, तिच्यातल्या सावल्यांचा रंग, त्वचा कशी दिसेल, आकाश कसं दिसेल, हे सगळं कोटिंगच्या वेळीच ठरून गेलेलं असतं. कापणाऱ्याला त्यात काडीचाही बदल करता येत नाही. त्याच्या हातून फार तर ओरखडा पडेल, नाहीतर प्रकाश शिरेल.

आता मूळ शोधायला निघालो तर तेही कोटिंगपाशी थांबत नाही, हे मला मान्य आहे. जिलेटिन येतं गुरांच्या हाडांपासून. १९२०च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी शोधून काढलं, की काही जिलेटिनांमुळे फिल्म जास्त संवेदनशील का होते, तर त्यांत गंधकयुक्त द्रव्याचा अत्यल्प अंश असतो, मोहरीच्या तेलात असतो त्या जातीचा. गुरांनी चरताना खाल्लेल्या झाडपाल्यातून तो आलेला! जिलेटिनसाठी लागणारं ओसीन, म्हणजे हाडांतला खनिज भाग काढून टाकल्यावर उरणारा गर, आपल्या केरळातून जपानला जात आलं आहे. चांदी आणखी कुठल्या खाणीतली. मग फिल्म कुठल्या देशाची म्हणायची? माझं उत्तर तरीही एकच : जिथे हे सगळं एकत्र येऊन प्रकाशाला ओळखू लागलं तिथली. त्याआधी ते हाड होतं, धातू होता. त्यानंतर ती फिल्मच आहे, मग तुम्ही तिला कितीही वेळा कापा.

कायद्याची भाषा याच प्रश्नाभोवती फिरते, आणि तिचा इतिहासही मनोरंजक आहे. ब्रिटनने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला तो परदेशी, विशेषतः जर्मन माल ओळखू यावा म्हणून. हिंदुस्थानातही १८८९ मध्ये तसाच कायदा आला. बदनामीसाठी लावलेली ‘मेड इन जर्मनी’ ही खूण पुढे जर्मन कारखानदारांनी भूषणासारखी मिरवली. अमेरिकेत १९०८ चा एक निकाल आजही आधाराला घेतला जातो. त्यात वाद होता बियरच्या बाटल्यांच्या बुचांचा. परदेशातून आणलेली बुचं इथे स्वच्छ केली, त्यांच्यावर प्रक्रिया केली, म्हणून ती इथे बनली असं म्हणायचं का? न्यायालयाने सांगितलं, नाही. नवं नाव, नवं स्वरूप किंवा नवा उपयोग असलेली वेगळी वस्तू निर्माण व्हायला हवी. बूच आधीही बूचच होतं आणि नंतरही बूचच.

फिल्मला ही कसोटी लावून पाहा. जंबो रोल आणि छत्तीस फोटोंचा रोल यांत काय बदललं? आंतरराष्ट्रीय जकातीच्या वर्गवारीत ६१० मिलिमीटरहून रुंद आणि २०० मीटरहून लांब रंगीत रोलला वेगळा उपक्रमांक आहे. पण तो आणि छोटा रोल, दोघेही ३७०२ या एकाच शीर्षकाखाली येतात. माझ्या मते ही वर्गवारी करणाऱ्यांना फिल्म कळली होती. युरोपीय संघात तर औद्योगिक मालावर मूळ देश छापण्याची सक्तीच नाही, त्यामुळे ‘मेड इन ईयू’ एवढ्यावरही भागवता येतं. सत्तावीस देशांतला कुठला ते ग्राहकाने ओळखायचं.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त लागते.

जंबो रोल कापून लहान रोल करणं म्हणजे ‘उत्पादन’ का, हा आपल्या अबकारी खात्याचा आणि कारखानदारांचा जुना वाद. कागद, चिकटपट्टी, फिल्म, सगळ्यांच्या बाबतीत तो झाला. त्यामागे प्रश्न कराचा होता. ग्राहकाला काय सांगायचं हा प्रश्न त्यात कुणाच्या गावीही नव्हता. रंगीत रोलचा जमाना आला तेव्हा तयार माल आणण्यापेक्षा जंबो रोल आयात करायचे, इथे कापायचे आणि भरायचे हा मार्ग निघाला. दादऱ्याला जिंदाल फोटोचा कारखाना फुजीच्या मालावर हेच काम करायचा. गैर काही नव्हतं त्यात. शेकडो लोकांना रोजगार मिळाला, रोल खेड्यापाड्यातल्या स्टुडिओपर्यंत पोचले.

पण त्याच देशात उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स होती. १९६० मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. फ्रान्सच्या बोशे कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन तिने १९६७ मध्ये उत्पादन सुरू केलं. निलगिरीतली थंड, धूळ नसलेली हवा या कामाला मानवणारी. तिथे खरोखर कोटिंग व्हायचं. ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल रोल निघायचे, फोटोचे कागद निघायचे, सिनेमाची फिल्म निघायची, आणि एक्स-रेची फिल्म तर देशभरच्या दवाखान्यांत जायची. आपल्यापैकी किती जणांच्या आजोबांची फुप्फुसं, आजीचं मोडलेलं मनगट त्या फिल्मवर उमटलं असेल! जगात मोजक्याच देशांना जमणारी ही गोष्ट आपल्या माणसांनी अंधाऱ्या खोल्यांत उभं राहून वर्षानुवर्षं केली. नव्वदच्या दशकात कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि पुढे बंदच झाली. फोटोग्राफीवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसालाही रोचेस्टर माहीत असतं, उटीचं इंदूनगर माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून ‘मेड इन इंडिया’ हे शब्द नुसती कापाकापी केलेल्या रोलवर आले, तर ते उटीच्या माणसांवर अन्याय करतात. एका खोक्यावर त्यांचा अर्थ ‘आम्ही ही फिल्म घडवली’ असा होतो आणि दुसऱ्यावर ‘आम्ही ती खोक्यात भरली’ असा. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला तर कोकणातला बागायतदार उसळून उठतो, भौगोलिक मानांकनाचा कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. फिल्म घडवणाऱ्याच्या बाजूने असं कुणी उभं राहिलं नाही.

ग्राहकाच्या बाजूने मात्र एकदा कुणीतरी उभं राहिलं होतं. फिल्मच्या रोलवर किंमत छापलेली नाही, अशी तक्रार ग्राहक चळवळीतले एच. डी. शौरी यांनी केली आणि ते प्रकरण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका रोलवरच्या एका ओळीसाठी! आज वैधमापनाचे २०११ चे नियम आहेत. आयात केलेल्या बंद पाकिटातल्या मालावर त्यांनुसार ‘उगमाचा किंवा उत्पादनाचा किंवा जुळणीचा’ देश छापावा लागतो. २०२० पासून ऑनलाइन विक्रेत्यांनाही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. नियमातले ते दोन ‘किंवा’ मला खटकतात. फिल्मसारख्या वस्तूत घडवणं एका देशात आणि भरणं दुसऱ्या देशात असेल, तर त्यांतलं सोयीचं तेवढं सांगायला वाव राहतो. परदेशातून मोठा रोल आणून इथे नळकांड्यांत भरला तर खोक्यावर भरणाऱ्याचा पत्ता येतो, आणि घडवणाऱ्याचं गाव सहज गळून जातं.

याचा त्रास निव्वळ भावनिक नाही. सध्या सिनेमाची फिल्म कापून, स्टिल कॅमेऱ्याच्या नळकांड्यात भरून, आकर्षक नाव देऊन विकण्याची पद्धत बरीच वाढली आहे. कोडॅकच्या सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हच्या पाठीला रेमजेट नावाचा काजळीचा काळा थर असायचा. रंगीत रोल धुणाऱ्या नेहमीच्या सी-४१ यंत्रात असा रोल गेला तर ती काजळी सुटते, रसायनं नासतात आणि त्याच यंत्रातून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या रोलांवर चिकटते. कुणाच्या तरी बारशाचे, कुणाच्या एकसष्टीचे फोटो. मी ऑनलाइन मागवलेल्या अशाच एका रोलवर सुंदर चित्र होतं, मूळ देशाच्या रकान्यात ‘भारत’ होतं, आणि रेमजेटबद्दल अवाक्षर नव्हतं. लॅबमधल्या काकांनी बाहेर डोकावणाऱ्या टोकाची पाठ पाहिली, बोटाने चाचपली आणि म्हणाले, “हा सिनेमाचा आहे, मशीनला लावायचा नाही.” चाळीस वर्षं रोल धुतलेला माणूस समोर होता म्हणून निभावलं.

बॅच क्रमांकही असाच हरवतो. एकाच फिल्मच्या दोन बॅचमध्ये सूक्ष्म फरक असतात. जुनी फिल्म असेल तर किती जुनी यावर किती जास्त प्रकाश द्यायचा ते ठरतं. पुन्हा भरलेल्या रोलवर भरल्याची तारीख असते, बनल्याची नसते. फ्रिजमध्ये दहा वर्षं पडलेली फिल्म मग ताजी होऊन येते.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी कोटिंग कारखान्यांच्या काळजीपोटीच मांडतो. ही यंत्रं थोड्या मालासाठी चालवता येत नाहीत. एकदा सुरू केली की किलोमीटरच्या किलोमीटर फिल्म निघते. ती खपली नाही तर कारखाना बंद पडतो, आणि एकदा बंद पडलेला कारखाना पुन्हा उभा करणं किती अवघड असतं ते इटलीत फेरानिया पुन्हा सुरू करू पाहणाऱ्यांना विचारावं. दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून देणं हा या कारखान्यांचा प्राणवायू आहे. त्या करारांत नाव गुप्त ठेवण्याची अट असते आणि ती समजण्यासारखी आहे. इतरांसाठी फिल्म बनवत तग धरलेल्या मॉबर्लीच्या लोकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘फिनिक्स’ ही आपली पहिली रंगीत फिल्म बाजारात आणली. म्हणजे पुन्हा भरणाऱ्यांवर माझा राग नाही. कंपनीचं नाव लपवायचं तर लपवा. देश आणि तारीख लपवू नका. लॉस एंजलिसच्या फ्रीस्टाइल या दुकानाची ‘अरिस्टा ईडीयू अल्ट्रा’ फिल्म वर्षानुवर्षं स्वतःच्या नावाने विकली जाते, आणि खोक्यावर चेक प्रजासत्ताक असं स्वच्छ छापलेलं असतं. ही ह्रादेत्स क्रालोवेच्या फोमा कंपनीची फिल्म, हे कळणाऱ्याला कळतं. दुकानाचं काही बिघडलं नाही.

पुण्यात माझा एक तरुण मित्र घरीच रोल भरतो. सिनेमाची कृष्णधवल फिल्म मोठ्या डब्यात आणतो, रात्री न्हाणीघराच्या फटी बुजवून नळकांड्यांत गुंडाळतो आणि ओळखीच्यांना विकतो. नाव काय द्यावं यावर त्याच्या मित्रमंडळींनी भरपूर डोकं चालवलं होतं. त्याने नाव दिलंच नाही. तो साधी पांढरी चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर बॉलपेनने लिहितो : डबल-एक्स ५२२२, कोटिंग रोचेस्टर, अमेरिका. मूळ डब्यावरचा बॅच क्रमांक. भरला पुणे, महिना आणि वर्ष. रेमजेट नाही. डी-७६ या डेव्हलपरमध्ये किती मिनिटं, तेही. एवढं सगळं त्या वीतभरही नसलेल्या पट्टीवर मावतं. पुढच्या खेपेपासून ते छापून घ्यायचं त्याच्या मनात आहे. मी त्याला सांगितलंय, छाप, पण ‘रोचेस्टर’ची अक्षरं ‘पुणे’पेक्षा लहान करू नकोस. तो म्हणाला, “दोन्ही सारखीच ठेवणार, काका. भरायलाही कष्ट पडतात.” त्याचं म्हणणं मला पटलं.